एका ओळीत दोघं

पुणे, २ ऑगस्ट १९८३

तीर्थरूप मामांना नमस्कार.

सुखरूप पोचलो. नांदुऱ्याला गाडी दोन तास उशिरा आली, पण बसायला जागा मिळाली. बी.एस्सी. झाल्यावर हे कॉम्प्युटरचं खूळ कशाला, असं तुम्ही स्टेशनवर विचारलंत. उत्तर अजून मलाही मिळालेलं नाही, पण काय शिकवतात ते सांगतो.

या वर्षी आमचा मुख्य विषय 'डेटाबेस'. म्हणजे कुठलीही नोंदवही घ्यायची, तिचे तक्ते पाडायचे आणि ते मशीनला द्यायचे. मग आपण मागू ती माहिती मशीन काढून देतं. सरांचे नियम तीनच. एका ओळीत एकच माणूस. प्रत्येक ओळीला दुसऱ्या कुणाची नसेल अशी एक खूण हवी, तिला इथं 'की' म्हणतात. आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची नाही. बाकीचं पुस्तक म्हणजे या तीन वाक्यांचं लांबण, असं सर म्हणतात. मशीन एकच आणि आम्ही बावीस जण, त्यामुळे वाट्याला आठवड्याला दीड तास येतो.

परीक्षेसाठी प्रत्येकाने खऱ्या नोंदी घेऊन डेटाबेस तयार करायचा आहे. पुण्याची पोरं दवाखान्याच्या, ग्रंथालयाच्या नोंदी घेतायत. मला इथं कोण देणार? म्हणून तुम्हाला त्रास. आपल्या गावाच्या बुकातून १९६० ते ६५ मधले जन्म आणि मृत्यू, आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली ६६ ते ७० ची नावं, एवढं उतरवून पाठवाल का? रिटायर झाल्यापासून वेळ जात नाही म्हणत होता.

मेसचं जेवण बरं आहे. आईसारखा पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवावा, तर इथं खायला मांजरसुद्धा नाही. तिला पत्र वाचून दाखवा.

तुमचा
मोतीराम


खैरवाडी, १९ ऑगस्ट १९८३

चिरंजीव मोतीराम यास तुळशीराममामाचे आशीर्वाद.

चौतीस वर्षे पोरांकडून शुद्धलेखन उतरवून घेतले, आता पोरगा माझ्याकडून उतरवून घेतो आहे. म्हणतात ना, पेरावे तसे उगवते.

ग्रामसेवकाला तुझे पत्र दाखवले. त्याला वाटले सरकारी चौकशी आहे. मग चहा पाजला, तेव्हा कपाटाची किल्ली दिली. जुनी कोतवालाची बुके आहेत, कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत आहे. रोज दुपारी दोन तास बसतो. सोबत जन्माची नक्कल पाठवत आहे, एकूण दोनशे अकरा ओळी. कोतवालाने जे लिहिले तेच लिहिले आहे, 'रुकमाबाई' असेल तर 'रुकमाबाई'. नक्कल म्हणजे नक्कल, तिथे आपली अक्कल चालवायची नाही.

तुझ्या सरांना मात्र एवढे विचार की, एका ओळीत एकच माणूस हे ठीक, पण या गावात चार रुखमाबाई आहेत आणि त्यातल्या दोघींच्या नवऱ्याचे नाव कारभारी आहे. त्यांना तुझे मशीन कसे ओळखणार? त्यांचे नवरेसुद्धा कधीकधी चुकतात.

मंजुळा मजेत आहे. वांगी लागली आहेत, मोताळ्याच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन जाते, बैलगाडीत बस म्हटले तर ऐकत नाही. तुझे पत्र दोनदा वाचून घेतले आणि म्हणाली, "दादा, त्याले लिही. तब्येत चांगली आहे असं कोनाले सांगत जाऊ नको म्हना. कोनी पुसलं तं म्हना, चाललंय कसंबसं." तुझी आई आहे, लिहिणे भाग आहे.

तुझा मामा
तुळशीराम


पुणे, ६ सप्टेंबर १९८३

तीर्थरूप मामांना नमस्कार.

नक्कल मिळाली. एकही खाडाखोड नाही. शेजारचा पोरगा म्हणाला, ही छापून आणली का?

रुखमाबाईंचा प्रश्न वर्गात विचारला. सगळे हसले, पण सर हसले नाहीत. ते म्हणाले, हाच खरा प्रश्न आहे. नाव ही खूण होऊच शकत नाही, कारण नाव दोघांचं असू शकतं. म्हणून प्रत्येक जन्माला बुकातला नोंद क्रमांक हीच 'की' धरली. आता रुखमाबाई चार असोत की चाळीस, मशीनला त्या बारा, अठ्ठावन्न, एकशे तीन आणि एकशे ऐंशी.

मशीनला मराठी येत नाही, सगळी नावं इंग्रजी अक्षरांत घालावी लागतात. ओळ टाकताना गाव डोळ्यांपुढं येतं, ते चांगलं वाटतं. माझी ओळ सत्तेचाळीसावी. ९ नोव्हेंबर १९६१, मुलगा, मोतीराम, बाप महादेवराव, आई मंजुळाबाई. स्वतःला मशीनमध्ये टाकताना उगाच हात धुऊन बसलो.

मृत्यूच्या आणि शाळेच्या नोंदी आल्या की तिन्ही तक्ते एकमेकांना जोडायचे आहेत. आईला सांगा, चाललंय कसंबसं. लहानपणी पाहुण्यांसमोर ती मला 'उकंडा' म्हणायची, उकिरड्यावर सापडला म्हणायची, ते आठवलं. किती रडायचो मी!

तुमचा
मोतीराम


खैरवाडी, ३० सप्टेंबर १९८३

चि. मोतीराम यास आशीर्वाद.

राहिलेल्या दोन्ही नकला सोबत आहेत. मृत्यू ब्याण्णव, शाळेची नावे एकशे सहा. तपासून पाहिल्या आहेत.

काही विचारायचे झाल्यास मला विचार, मंजुळेला विचारू नये. तिला त्यातले समजत नाही.

तुळशीराम


पुणे, १२ ऑक्टोबर १९८३

तीर्थरूप मामांना नमस्कार.

एक गंमत सांगतो. तक्ते जोडल्यावर त्यांना उलटसुलट प्रश्न विचारून पाहायचे असतात, म्हणजे चुका सापडतात. मी मशीनला विचारलं, आधी मेला आणि मग शाळेत गेला असा कुणी आहे का? म्हटलं, एकही नाव येणार नाही. तर चार आली! तिघांचा उलगडा लगेच झाला. दोन ठिकाणी नाव आणि बापाचं नाव सारखं होतं, माणसं वेगळी. एका ठिकाणी मीच साल चुकीचं टाकलं होतं.

चौथा मी निघालो. मोतीराम महादेवराव, वय एक वर्ष नऊ महिने, तापाने, २१ ऑगस्ट १९६३. जन्माशी पडताळलं तर वय बरोबर सत्तेचाळीस क्रमांकालाच लागतं. आणि तोच इसम २४ जून १९६८ ला तुमच्या शाळेत पहिलीत दाखल!

मामा, नक्कल उतरवता उतरवता भाच्यालाच मारलंत. वर्गात सगळ्यांना सांगितलं. आता मला 'स्वर्गवासी' म्हणतात. मूळ नाव काय आहे ते एकदा बुकात बघून कळवा, म्हणजे दुरुस्त करतो.

आपला कै.
मोतीराम


खैरवाडी, २० ऑक्टोबर १९८३

चि. मोतीराम यास आशीर्वाद.

चूक माझी आहे. वयोमानाने डोळे दगा देतात. ती ओळ खोडून टाक आणि पुढचे काम कर. असल्या गोष्टींची चारचौघांत थट्टा करू नये.

दिवाळीला येत आहेस, मंजुळा वाट पाहते आहे. येताना पंचायतीत वगैरे जाण्याचे कारण नाही, ग्रामसेवक रजेवर आहे.

तुळशीराम


पुणे, १८ नोव्हेंबर १९८३

मामा,

दिवाळीत तुमच्याशी बोलायचं होतं, झालं नाही. म्हणून लिहितो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पंचायतीत गेलो होतो. ग्रामसेवक रजेवर नव्हता. बुक मी स्वतः पाहिलं. तुमची नक्कल बरोबर आहे. खाली बाबांचा अंगठा आहे, आणि विचारायला आता बाबा नाहीत. जन्माच्या बुकात आईच्या नावावर १९६० ते ६५ मध्ये एकच जन्म आहे, सत्तेचाळीसावा. तो मेला. मग मी कोण, ते कुठंच लिहिलेलं नाही.

बुक मिटलं, किल्ली परत दिली आणि घरी येऊन जेवलो. आईनं करंज्या केल्या होत्या. तिनं पहिला घास ताटाबाहेर काढला. तो मांजरीचा असतो असं मी लहानपणापासून समजत होतो. मांजर चार वर्षांपूर्वीच मेली, हे या वेळी लक्षात आलं. भाऊबीजेला तुमच्याकडं आलो, तुम्ही ऊस सोलून दिला, मी खाल्ला. तुम्ही माझ्याकडं पाहत नव्हता.

मला राग येत नाही. रडूही येत नाही. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तसा झालोय. चावला तरी कळत नाही. वर्गात हजेरीला मोतीराम म्हणतात, मी हात वर करतो.

काय झालं होतं ते लिहा. खोडून टाक असं पुन्हा लिहू नका.


खैरवाडी, २७ नोव्हेंबर १९८३

बाळा,

लिहितो.

मोतीराम तुझा थोरला भाऊ. पावणेदोन वर्षांचा होऊन गेला. गोरा होता, बोलका होता, मला 'मामा' न म्हणता 'माम्म' म्हणायचा. मंजुळा त्याला कडेवर घेऊन साऱ्या गावाला दाखवत फिरायची. बाजारात बायका म्हणायच्या, काय बाई गोमटं लेकरू! एकदा ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेव्हा तू तिच्या पोटात होतास, चार महिन्यांचा.

तू झालास तेव्हा तिने ठरवूनच ठेवले होते. मी आलो तर शेजारची सोजराबाई तुला उकिरड्यावर ठेवून सुपात उचलत होती. मंजुळेने तुला तिच्याकडून सूपभर कोंड्यावर विकत घेतले. नाव उकंडा. ज्याला आईने टाकले त्याला मृत्यू हात लावत नाही, असे आपल्याकडे समजतात. पण तिचे तेवढ्याने समाधान झाले नाही. तुझा जन्म बुकात लिहू दिला नाही. म्हणाली, "कागदावर नाव आलं का त्याले ठिकाना सापडते." कोणी विचारले तर सांगायची, एक होतं, गेलं. तुझ्यासमोर सांगायची. तू रडायचास, मी ऐकायचो.

मग शाळा आली. हेडमास्तर मीच. रजिस्टर उघडले, विचारले, नाव काय घालू? उकंडा म्हटले तर तिने माझा हात धरला. "लिहायचंच आहे तं मोतीराम लिही, दादा. त्याले शाळा पाह्याले भेटली नाई. ह्याच्या संगं तो बी जाईन." महादेवराव ओट्यावर उभे होते. मी मोतीराम लिहिले, त्याचीच जन्मतारीख घातली. साडेचार वर्षांचा तू, कागदावर साडेसहाचा झालास. माझ्या नोकरीतली ती एकच खोटी ओळ.

आता तू विचारशील, नक्कल करताना ती ओळ गाळली का नाही. गाळणारच होतो. तीन दिवस त्या पानाच्या अलीकडे थांबलो. मग बसलो आणि हाताने लिहून टाकले. सवयीने लिहिले की कधीतरी लिहायचेच होते, माझे मलाच कळले नाही. नंतर तुला खोटे लिहिले, त्याची लाज वाटते.

तुझा मामा


पुणे, १० डिसेंबर १९८३

मामा,

पत्र पोचलं. तुमच्यावर रोष नाही.

वकिलीच्या वर्गातला एक जण खोलीवर राहतो, त्याला विचारलं. जन्म उशिरा नोंदवता येतो. आईनं कचेरीत जाऊन शपथेवर सांगायचं की अमक्या दिवशी मला मुलगा झाला, तो हा. सोबत एक जाणता साक्षीदार. तो तुम्ही व्हाल. कागद करून सोबत पाठवतोय, तारखेची आणि नावाची जागा कोरी ठेवली आहे.

यातून फायदा काय, असं तुम्ही विचाराल. काही नाही. माझे सगळे दाखले मोतीरामाचे आहेत, ते तसेच राहतील. मॅट्रिकला केंद्रात दुसरा आलो तो मोतीराम. पेपरात नाव छापून आलं तो मोतीराम. हरकत नाही. पण मला माझी एक ओळ पाहिजे. कुठल्या तरी बुकात मी जन्मलेलो असावा, एवढंच.

आईला विचारा.


खैरवाडी, २२ डिसेंबर १९८३

बाळा,

विचारले. तुला सगळे कळले आहे हे ऐकून आधी वांग्यांच्या वाफ्यात जाऊन बसली. संध्याकाळी दारात येऊन उभी राहिली आणि जे बोलली ते जसेच्या तसे लिहितो.

"वीस वर्ष कोनाले सांगतलं नाई म्हनून जगला तो. आता कचेरीत जाऊन सांगू काय, का हा पाहा माह्या पोरगा, लिहून घ्या? काऊन? काय कमी पडलं त्याले? अन् मोतीरामाचं काय कराल? तो म्याट्रिक झाला, बी.एस्सी. झाला. माहे दोन्ही पोरं एका नावावर शिकले, दादा. आता एकाले उठवून देता काय पाटावरून?"

मी म्हटले, कुणाला उठवायचे नाही, नुसते दुसऱ्यालाही बसवायचे आहे. तिने ऐकले नाही. कागद माझ्यापाशीच आहे.

मी तिच्यावर जोर करणार नाही. तूही करू नकोस, अशी विनंती.

मामा


पुणे, ३ जानेवारी १९८४

मामा,

ठीक आहे. राहू द्या.

डेटाबेस देऊन टाकला. सरांनी तो प्रश्न मशीनवर चालवला आणि तीच ओळ आली. म्हणाले, हे काय ठेवलंस? एक तर मृत्यू चूक आहे, नाही तर शाळा. दोन्हीपैकी एक काढ. मी म्हटलं, दोन्ही बरोबर आहेत सर. ते म्हणाले, मग एका ओळीत दोन माणसं आहेत, म्हणजे तुझी रचना चुकली. तेही बरोबर आहे. मार्क कापतील, कापू देत. ओळ काढायला बोट उठलं नाही.

दिवस जातात. सकाळी वर्ग, दुपारी मेस, आठवड्याला दीड तास मशीन. घरची आठवण येते का असं कुणी विचारलं तर येते म्हणतो, पण येत नाही.

एकच गोष्ट विचारतो, तेवढी आईकडून काढून द्या. कागदासाठी नको, नुसती सांगण्यापुरती. माझा जन्म कोणत्या दिवसाचा? तिला त्रास होणार असेल तर विचारू नका.


खैरवाडी, १८ जानेवारी १९८४

बाळा,

सविस्तर लिहितो, शांतपणे वाच.

तुझे पत्र संक्रांतीला आले. मंजुळा सुगडे मांडत होती. मी शेवटचे तेवढेच वाचून दाखवले. ती हातातला तीळ निवडत राहिली. दुसऱ्या दिवशी करीला सकाळीच माझ्या घरी आली. करीच्या दिवशी आपल्याकडे कुणी उंबरा ओलांडून शुभ काम करत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणाली, "आज झाला तो. करीच्या दिवशी. तिळगूळ उरला होता, तो सोजरानं चाखवला त्याले. करीचं लेकरू म्हनून अजूनच भ्यालो होतो आम्ही." जुने पंचांग काढून पाहिले. १५ जानेवारी १९६४, बुधवार. या रविवारी तुला वीस वर्षे झाली.

मग म्हणाली, "त्यानं नुसता दिवस पुसला. त्रास होत असंन तं पुसू नका म्हने. असं परक्यावानी काऊन लिहिते तो?" आणि रडली. मोतीराम गेला तेव्हा रडली होती, त्यानंतर मी त्या दिवशीच पाहिले.

करीला रविवार होता. सोमवारी सकाळी मी उठायच्या आत ती लुगडे बदलून ओट्यावर बसली होती. "कागद कुठं आहे? चाल मोताळ्याले."

कचेरीत दोन तास थांबलो. साहेब तरुण होता, बोलायला सभ्य. त्याने कागद वाचला, कारकुनाला लिहायला सांगितले आणि हिला विचारले, "बाई, मुलं किती झाली तुम्हाला?"

वीस वर्षे या प्रश्नाला तिचे एकच उत्तर होते, एक होतं, गेलं. तिने माझ्या बाहीला धरले. म्हणाली, "दोन."

"हयात किती?"

आता ती दाराकडे पाहू लागली, जणू कुणी ऐकत उभे आहे. साहेबाने पुन्हा विचारले. तेव्हा ती चांगली मोठ्याने बोलली, बाहेरचा शिपाईसुद्धा वळून पाहू लागला. "एक गेला, मोतीराम. एक आहे. पुण्याले शिकून राह्यला. तब्येत चांगली आहे त्याची."

नाव विचारले. मी म्हटले, आता हवे ते नाव दे, कोरी जागा आहे. ती म्हणाली, "उकंडाच. दुसरं नाव मले येत नाई." साहेब हसला नाही. कारकुनाने लिहिले, उकंडा महादेवराव. तिने सही येत नाही म्हणून अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली. मी साक्षीदार म्हणून सही केली. त्या जुन्या खोट्या ओळीनंतर ही एक खरी.

परतताना एसटीत ती पदराला अंगठा पुसतच होती. रोहिणखेड आल्यावर तिने माझ्याकडे पाहिले. मग विचारले, "काही होनार नाई ना दादा त्याले?" मी म्हटले, नाही होणार. "तू लिही त्याले लवकर कागद टाक म्हना. दोन वळी टाकल्या तरी चालन." पत्र अजून टाकायचे आहे, तरी कालपासून पोस्टमनच्या वाटेवर उभी असते. वांगी तशीच पडून आहेत.

तर पत्र मिळाल्याबरोबर लिही.

तुझा मामा
तुळशीराम


पुणे, २३ जानेवारी १९८४

ती. मामा आणि आई,

पत्र आज अकरा वाजता मिळालं, लगेच लिहितोय. आईला आधी एवढं वाचून दाखवा. मी बरा आहे. ताप नाही, खोकला नाही, दोन्ही वेळा जेवतो.

पत्र दोनदा वाचलं. काही वाटत नाही असंच लिहायला बसणार होतो. मग वर्गात गेलो. हजेरीला मोतीराम म्हटलं तेव्हा हात वर केला, आणि पहिल्यांदाच वाटलं की हा हात मी कुणासाठी तरी वर करतोय. ते वाईट नाही. त्याची हजेरी लागली पाहिजे.

मशीनवर आज माझा दीड तास होता. मार्क लागून गेलेत, आता त्या डेटाबेसला कुणी विचारत नाही. तरी उघडला आणि जन्माच्या तक्त्यात एक ओळ वाढवली. दोनशे बारा. तारीख, बाप, आई आणि नाव. सत्तेचाळीसला हात लावला नाही. शाळेची ओळ कुणाला जोडू ते ठरेना, म्हणून दोघांनाही जोडली. सरांच्या नियमात ते बसत नाही.

दुपारी मेसमध्ये भरली वांगी होती. पहिला घास उचलला आणि ताटाबाहेर ठेवला. ठरवून नाही ठेवला. मग कितीतरी वेळ तिथंच बसलो होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि शेजारचा म्हणत होता तिखट आहे का रे. वाढणाऱ्या आशाबाई ताटं उचलायला आल्या. म्हणाल्या, "अहो, घास बाहेर कुणासाठी? कुणी यायचंय का जेवायला?"

म्हटलं, भाऊ. येऊन गेला.

तुमचा
उकंडा